लुबेककरांची खालची ओळ

कॉलेजात जाईपर्यंत माझ्या डाव्या हाताला पेटीचा भाता हलवण्यापलीकडे काही काम असू शकतं, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे पेटी जमिनीवर ठेवून, मांडी घालून वाजवतात. उजवा हात सुरांवर, डावा मागे भात्यावर. उंद्रीला आमच्या वस्तीत माझा बा पेटी वाजवायचा, आणि त्याच्या डाव्या हाताला ती सवय इतकी जडली होती की बोलताना, विडी ओढताना, कधी झोपेतसुद्धा तो हात आपला हलत राहायचा. माय म्हणायची, "ह्या मानसाच्या अंगातली हवा सरन तवाच हात थांबीन." मी बाच्या शेजारी बसून बसूनच शिकलो. कोणी शिकवलं असं म्हणता येणार नाही. वस्तीनं बौद्ध धर्म घेतल्यावर जुनी भजनं सोडून दिली, तेव्हा काही दिवस पेटी फडक्यात बांधून आढ्याला टांगलेली होती. मग नवी गाणी आली, पेटी खाली उतरली आणि रोज संध्याकाळी वंदनेनंतर पुन्हा वाजायला लागली. बाच्या बोटांनी मधल्या काळात काहीच विसरलं नव्हतं. हे सगळं मी समोर बसून पाहिलेलं आहे. संगीताचं शास्त्र मात्र मला तेव्हाही नीट येत नव्हतं आणि आजही येत नाही. म्हणून पुढे जे लिहितो आहे त्यात जाणकारांना चुका सापडतील. त्यांनी त्या सांभाळून घ्याव्यात.

कॉलेजसाठी मी खामगावला गिरजामावशीकडे राहिलो. मावसा एका जिनिंगमध्ये कामाला होता आणि त्याचं दोन खोल्यांचं घर जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं. कापसाचा हंगाम सुरू झाला की भिंतीपलीकडे यंत्रं सकाळी लागत ती दिवस मावळेपर्यंत थांबत नसत. एकच एक जाड, खालचा सूर. पहिले काही दिवस माझं डोकं उठायचं, नंतर यंत्रं बंद पडली की चुकल्यासारखं वाटायला लागलं. कापसाची फुलकी हवेत असायची आणि ती सगळीकडे बसायची, पाण्याच्या मडक्यावर, वहीवर, भाकरीच्या पिठात. मावसा घरी यायचा तो पांढरा होऊनच. मावशी त्याला अंगणात उभा करून केरसुणीनं झाडायची आणि मगच आत घ्यायची. "आधी झाडलेलं मानूस, मंग वाढलेलं ताट," असं ती म्हणायची. तिच्या हातची तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची गरम भाकर आठवली की अजून भूक लागते. भाजीत एखादा कापसाचा तंतू सापडला तर मावसा तो बोटानं बाजूला काढून म्हणायचा, "हे मालकाचं हाये, त्याले परत करा लागन."

आमच्या घरातून, खरं म्हणजे आमच्या वस्तीतूनच, कॉलेजात गेलेला मी पहिला. घरी परतलो की सगळे मला विचारायचे, तिथं काय शिकवतात, आणि मला सांगता यायचं नाही. वर्गात मी मागच्या बाकावर बसत असे. उत्तर येत असलं तरी हात वर करायला धजत नसे. माझा आवाज कसा निघेल याचीच भीती वाटायची, कारण आमचं 'मले', 'तुले' ऐकून शहरातली मुलं हसत. आज वाटतं, हसत असतीलही किंवा नसतीलही. मी कधी मान वर करून पाहिलंच नाही.

मिशनचं कंपाउंड कॉलेजच्या वाटेवर होतं. कडुनिंबाची झाडं, मुलींची शाळा आणि मागे दगडी चर्च. एका दुपारी तिथून जाताना आतून पेटीचा आवाज आला. आवाज पेटीचाच होता, त्यात शंका नव्हती, पण एकाच वेळी दोघं-तिघं वाजवत असावेत असा. एक सूर वर गात होता आणि त्याच वेळी खाली दुसरे दोन सूर आपापल्या वाटेनं चालले होते. घरात एक बाई गाणं म्हणत असावी आणि आतल्या खोलीत दोघी कामं करता करता बोलत असाव्यात, तसं. इतके वाजवणारे एकमेकांना न अडखळता कसे चाललेत ते पाहावं म्हणून मी दारापर्यंत गेलो. आत एकच बाई होत्या. पांढरं लुगडं, चष्म्याच्या दांडीला बांधलेला दोरा. त्या एका उंच लाकडी पेटीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. दोन्ही हात सुरांवर, आणि पाय खाली दोन फळ्या आळीपाळीनं दाबत होते. अशी पायपेटी मी आधी एकदाच, जत्रेतल्या नाटकाच्या तंबूत लांबून पाहिली होती.

"कोण आहे?" बाईंनी मागे न वळता विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"कोणी नाही ना? मग ये आत. कोणी असतास तर पाळकसाहेबांना विचारावं लागलं असतं."

या साळवेबाई. मूळच्या नगरकडच्या, मिशनच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या, आणि दर रविवारी उपासनेला ऑर्गन वाजवणाऱ्या. पायपेटीला त्या ऑर्गनच म्हणत. मी पेटी वाजवतो असं कळल्यावर त्यांनी उठून मला स्टुलावर बसवलं. मी उजवा हात सुरांवर ठेवला. डावा हात आपोआप पुढे जाऊन लाकडी फळी चाचपायला लागला.

"काय शोधतोस?"

"भाता."

"भाता पायांखाली आहे. तुझा तो हात मोकळा आहे. त्याला कामाला लाव."

तो हात कामाला लागायला जवळजवळ वर्ष गेलं. पहिले कित्येक दिवस उजव्या हातानं काही वाजवलं की डावाही तेच वाजवू पाहायचा, नाहीतर मांडीवर निपचित पडून राहायचा. बाई कधी चिडल्या नाहीत. "तो आळशी नाही, लाजाळू आहे," असं त्या माझ्या डाव्या हाताबद्दल म्हणत, आणि मला वाटायचं की हे माझ्याबद्दल चाललं आहे. कॉलेज सुटल्यावर तासभर मी तिथे जाऊ लागलो. पाळकसाहेबांची हरकत नव्हती. मावशीची थोडी होती. "वाजव तं वाजव, पन तिथलं पानी पिऊन प्रार्थना करू नको," असं ती म्हणाली. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाईंकडे एक जाड पुस्तक होतं. पूर्वी तिथे असलेल्या एक मडम मायदेशी जाताना ते ठेवून गेल्या होत्या. त्यात सगळ्या एकाच माणसाच्या ऑर्गनच्या रचना. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी लुबेक नावाच्या बंदराच्या गावी मोठ्या चर्चमध्ये हा माणूस जन्मभर ऑर्गन वाजवत होता. त्याचं नाव माझ्या जिभेवर काही केल्या बसेना. शेवटी मी भीतभीत विचारलं, "बाई, लुबेकचे म्हणून लुबेककर म्हणू का?" बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. नंतर मात्र त्याही लुबेककरच म्हणू लागल्या. "आज लुबेककरांचा मूड बरा दिसतो," असं वाजवताना म्हणायच्या. एक तरुण वादक लुबेककरांना ऐकायला शेकडो मैल पायी चालत गेला होता, ही गोष्ट मी नंतर बाला सांगितली. बा म्हणाला, "मंग? आपल्याकडचे शेगावले जातेतच का पायी. ज्याले ओढ हाये तो चालते."

पुस्तकाच्या पुढच्या पानांच्या कडा मळलेल्या होत्या. तिथे लुबेककरांच्या मोठ्या, गाजलेल्या रचना होत्या. बाईंच्या सांगण्याप्रमाणे जगभरचे वादक त्याच वाजवत. आमच्या पायपेटीला त्या झेपणाऱ्या नव्हत्या. मागची पानं मात्र कोरी राहावीत तशी स्वच्छ होती. तिथे एकेक-दोनदोन पानांच्या लहान रचना होत्या. मंडळी जे गीत गाणार त्याची चाल आधी ऑर्गनवर ऐकवायची, एवढ्याच कामासाठी केलेल्या. "ह्यांच्याकडे कोणी बघत नाही," बाई म्हणाल्या. "मीही ह्यांतल्या अर्ध्याअधिक कधी उघडल्या नाहीत. चल, बघू या काय आहे."

मग आम्ही एकेक पान घेत गेलो. बाई आधी वाजवून दाखवत, मी त्यांची बोटं पाहून माझ्या रीतीनं सा रे ग म लिहून घेई, आणि हळूहळू मला त्या ठिपक्यांच्या रेघाही वाचता यायला लागल्या. काही रचना कोरड्या होत्या, हे कबूल करायला हवं. पण काही अशा होत्या की तीन ओळी झाल्या की बाई थांबायच्या आणि आम्ही दोघंही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. उजव्या हातात गीताची साधी चाल असायची, पण लुबेककर ती सरळ जाऊ देत नसत. इथे एक मुरकी, तिथे एक वळण, मग एका सुरावर थांबून परत मूळ वाटेवर. आमच्याकडचे चांगले गाणारे असंच करतात. मला त्यात परकं काही वाटलं नाही. परकं वाटलं ते खालचं, ते डाव्या हातातलं बोलणं, आणि त्याचीच मला गोडी लागली. वर्गात तोंड न उघडणारा मी, तिथे तीन आवाजांत बोलत होतो. आज माझी नात मोबाइलवर लुबेककरांच्या सगळ्या रचना क्षणात काढून देते. ऐकतो. छान वाजवतात. पण एक पान उलगडायला आठवडा लागायचा तेव्हा त्या पानाशी जी ओळख व्हायची, ती अशी होत नाही.

या रचनांमध्ये रेघांचे तीन गट एकाखाली एक असायचे. वरचा उजव्या हाताचा, मधला डाव्याचा. खालचा बाई वाजवत नसत. एक दिवस मी विचारलं.

"ती पायांची ओळ," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडच्या ऑर्गनला खाली पायांसाठी वेगळ्या सुरांच्या पट्ट्या असतात. हवा भरायला माणसं असत. आपले पाय हवा भरण्यातच गुंतलेत."

"म्हणजे ती ओळ तुम्ही कधीच ऐकली नाही?"

"ह्या रचनांची नाही. कुठे ऐकणार? इथे कोण वाजवणार?" त्यांनी समोरच्या बाकांकडे पाहिलं. "मी तर ह्या रचना तिथे बाकावर बसून कधी ऐकलेल्याच नाहीत. मी नेहमी इथे, ह्या स्टुलावर."

त्या दिवशी घरी येऊन मी जेवायला बसलो तेव्हा भिंतीपलीकडचं जिनिंग थांबलं, आणि मावशीच्या बांगड्या, चुलीतली लाकडं, मावशाचं खोकणं हे सगळं एकदम हलकं, अधांतरी झाल्यासारखं वाटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही वाजवतो ते सगळं असंच अधांतरी आहे. त्याच्याखालची जमीन पुस्तकात छापलेली आहे आणि आम्ही ती रोज वगळतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं की बाई शाळेतून निवृत्त होऊन नगरला भावाकडे जाणार, आणि वाजवणारं कोणी राहणार नाही म्हणून ऑर्गनही दुसऱ्या गावच्या चर्चला देणार. बाईंनी मला बोलावून सांगितलं, "शेवटच्या रविवारी तू वाजव. ती शांत चालीची रचना, आपल्याला आवडते ती. मला एकदा बाकावर बसून ऐकायची आहे." ती रचना मला दोन्ही हातांनी येत होती. मी हो म्हणालो. पण मनात आलं की बाई एकदाच बाकावर बसणार आणि तेव्हाही त्यांना अर्धीच ऐकायला मिळणार. तिसऱ्या ओळीला एक तिसरा हात हवा होता. आणि खर्जाचे सूर असलेली पेटी मला माहीत होती.

शनिवारी मी एसटीनं उंद्रीला गेलो. बा ओट्यावर बसून भात्याला चामड्याची पट्टी चिकटवत होता. माय आत मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा मोडत होती.

"बा, पेटी पाह्यजे होती. एका रविवारापुरती."

"कायले?"

"मिशनच्या चर्चमधी वाजवाची हाये."

बा पट्टी दाबत राहिला. "वाजवीन कोन?"

"पाहू. कोनीतरी."

"पेटी कोनीतरी वाजवत नसते," बा म्हणाला.

आमच्या वस्तीची एक रीत होती. पेटी सगळ्यांची होती. ती एकटी गावाबाहेर जात नसे. पेटी जाईल तिथे पेटी वाजवणारा जाणार, आणि वाजवणारा जाणार तर संध्याकाळी सगळ्यांना विचारून. मी मागायला गेलो होतो पेटी. पण आमच्या रीतीप्रमाणे मी बालाच मागत होतो, आणि तेही चर्चमध्ये. ओट्यावर उभा असताना हे मला कळलं.

संध्याकाळी वंदना झाल्यावर बानं सांगितलं, "पोराचं काही म्हननं हाये." सगळ्यांत वडीलधारा किसनआजा खांबाला टेकून बसला होता. मी कसंबसं सांगितलं.

"काऊन बे भास्कर," मागून एकजण मला म्हणाला, "आता किरिस्ताव व्हाचा इचार हाये काय?"

"एक धरम बदलून झाला, आता दुसरा. पोरगं कॉलेजात जाऊन हेच शिकून राह्यलं," दुसरा म्हणाला, आणि हशा झाला.

किसनआजा हसला नाही. "हासन्यावारी नेऊ नका," तो म्हणाला. "आपन एक घर सोडून आलो. गाव पाहूनच राह्यलं का हे लोक आता कुठी जातेत. आपली पेटी तिकडं दिसली का उद्या बजारात बोलतीन, उंद्रीचे गेले. त्याईचं तोंड कोन धरन?"

हे बोलणं चुकीचं नव्हतं. वर्गातल्यासारखी मान खाली ठेवूनच मी जे होतं तेच सांगितलं. "आजा, ते गानं अर्धं हाये. त्याची खालची ओळ तिथं आजलोक कोनी वाजवलीच नाही. बाई चालल्या, त्याईची पेटीबी चालली. त्याईनं मले वर्षभर शिकवलं. त्याईले ते एकडाव पुरं ऐकू जावं, एवढंच हाये."

"पुरं म्हंजे कसं?" बानं विचारलं.

मी आधी वरची चाल गुणगुणलो. मग खालची ओळ, सा रे ग म करून.

"खालचं पुन्यांदा म्हन," बा म्हणाला. मी म्हणालो. मग तो किसनआजाकडे वळला. "मी वाजवाले जाईन. पाया पडाले नाही. वाजवीन अन् येईन."

"अन् त्याईनं जेवाले बसवलं तं?"

"तं जेवीन. आपल्याले बोलावून, पंगतीत बसवून जेवू घालनारे असे किती हायेत आजा, का मी नाही म्हनू?"

"जाय मंग," किसनआजा म्हणाला. "पन पेटीले कोनतंही फडकं गुंडाळू नको. आपलं निळं गुंडाळ. पेटी कोनाची हाये ते दिसू दे लोकाईले."

पुढचे शनिवार-रविवार मी उंद्रीलाच गेलो. बाला वाचता येत नव्हतं, पण एकदा कानावर पडलेलं त्याच्याकडून सुटत नसे. मी ओळ म्हणायचो, तो वाजवायचा. "हे चालतच नाही बे," तो सुरुवातीला कुरकुरला. "नुसतं एकेक पाय टाकते."

"पायाचंच हाये ते, बा."

"मंग बरोबर हाये," असं म्हणून त्यानं पुन्हा भाता धरला.

बाईंच्या त्या शेवटच्या रविवारी बा धुतलेलं धोतर नेसून, निळ्या फडक्यातली पेटी खांद्यावर घेऊन खामगावच्या बसथांब्यावर उतरला. चर्चच्या दारात त्यानं वहाणा काढल्या. पाळकसाहेबांनी खुर्ची पुढे केली तर म्हणाला, "खुर्चीवर पेटी वाजत नाही साहेब." मग कोणीतरी सतरंजी आणून ऑर्गनजवळ अंथरली आणि बा तिच्यावर मांडी घालून बसला. मंडळी यायच्या आधी आम्ही सूर लावून पाहिले. पेटी ऑर्गनपेक्षा किंचित उतरलेली होती. दोन्ही एकदम धरले की सूर हलका थरथरायचा. मी घाबरलो. बा म्हणाला, "दोन पेट्या, दोन गावच्या. एवढं राहीनच." साळवेबाई तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. रोज सुरांवर असलेले हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं. कधी त्या पदर सारखा करत, कधी गीतपुस्तक उघडून मिटत.

पाळकसाहेबांनी मान हलवली आणि मी सुरू केलं. पहिल्या चार सुरांनंतर खालून बाचा खर्ज आला. मला वाटतं, माझ्या पाठीत काहीतरी सरळ झालं. इतके दिवस जी चाल मी सांभाळून, तोल धरून वाजवत होतो, ती आता आपली आपण चालायला लागली. वरचा सूर वळणं घेत जात होता आणि खाली बा घाई न करता एकेक पाऊल टाकत होता. मी कुठे थांबणार, कुठे पुढे जाणार, हे माझ्याकडे न पाहता त्याला कळत होतं. सूर थरथरत होता, पण तो दोष न वाटता आवाजाला धार असल्यासारखा वाटत होता. एकदाही माझी चूक झाली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. त्या दिवशी चुकायला जागाच नव्हती.

मग शेवटची ओळ आली. शेवटचा सूर लांबवून मी हात उचलणार, तर बा थांबलाच नाही. तो शेवटच्या सुरावरून सरळ पहिल्या सुरावर गेला. आमच्या गाण्यांत कडवं संपलं की धृपदावर परत यावं लागतं. कोणतंही गाणं तिथे आल्याशिवाय ठेवत नाहीत. हे पुस्तकातलं तसं नाही, हे मी बाला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं असतं हेच माझ्या मनात आलं नव्हतं. बानं वर माझ्याकडे पाहिलं. उशिरा तोंड उघडणाऱ्या गाणाऱ्याकडे तो जसा बघायचा, तसाच. मी हात खाली टेकवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

पहिल्या वेळी वळणांमुळे कोणाला चाल ओळखू आली नव्हती. दुसऱ्यांदा मागच्या बाकावरची एक म्हातारी तोंडातल्या तोंडात गायला लागली. ते त्यांचं नेहमीचं गीत होतं. मग तिच्या शेजारची, मग पुरुष, मग सगळी मंडळी, आपल्या मराठी शब्दांत. पण लुबेककरांची चाल त्यांच्यासाठी फार सावकाश होती. श्वास पुरेना. बाला ते लगेच ऐकू आलं. गाणाऱ्यांना सांभाळण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. त्यानं खालची पावलं जरा भरभर टाकायला सुरुवात केली, मी मुरक्या सोडून दिल्या आणि सरळ चाल धरली. साळवेबाई एकट्याच गात नव्हत्या. त्या नुसत्या बसून ऐकत होत्या, दोन्ही हात मांडीवर उघडे टाकून. कडवं संपवून पुन्हा धृपदावर आल्यावर बानं भाता सोडला. तेव्हा ते संपलं.

उपासनेनंतर कंपाउंडमधल्या कडुनिंबाखाली जेवण होतं. बा पंगतीत बसला. बाई स्वतः रस्सा वाढत होत्या. त्याच्यासमोर येऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही परत सुरुवातीला का गेलात?"

"धृपदावर आल्याबिगर सोडलं तं गानं उघडं पडते बाई. चुकलं काय?"

"चुकलं. पुस्तकाप्रमाणे चुकलं," बाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली. "मला दोनदा ऐकायला मिळालं."

आठवड्याभरात बाई नगरला गेल्या. ऑर्गन दुसऱ्या गावी गेला तेव्हा मी परीक्षेत होतो. पेपर बरे गेले. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मी पहिल्यांदा मान वर करून, न थांबता उत्तरं दिली. कोण हसलं, कोण नाही, ते आता आठवत नाही.

सुट्टीत उंद्रीला आलो. बाजारात लोक थोडे बोलले होते आणि मग दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लागले होते. एका संध्याकाळी वंदनेनंतर किसनआजा खांबाला टेकूनच म्हणाला, "पेटीमास्तर, ते किरिस्तावाइचं वाजव. काय वाजवून आला ते आइकू तं दे."

बानं खालची ओळ वाजवली, पहिल्या सुरापासून धृपदापर्यंत. सगळे मन लावून ऐकत होते. संपल्यावर किसनआजानं विचारलं, "अन् ह्याच्यात गानं कुठी हाये?"

"गानं वर हाये," बा म्हणाला. "ते पोराजवळ हाये. माह्याजवळ एवढंच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेटी एकच होती, आणि मी काही गाणारा नव्हतो. पण बानं पुन्हा पहिला सूर लावला होता, आणि भाता हलकेच हलवत तो माझी वाट पाहत होता. मी तोंड उघडलं.